ठिपक्यांची चवळी कुणाकडे ठेवायची?

घरी येऊन पर्स झटकली की तूर निघते. ओढणीच्या टोकातून उडीद निघतो. एकदा माझ्या लेकीच्या, रेवाच्या डायपरमधून कुळथाचा दाणा निघाला, तेव्हा तो वरून आत गेला की आतून बाहेर आला, या विचारात मी अर्धा दिवस घालवला. बियाण्याच्या खोलीत काम करणाऱ्या बाईचं असंच होतं. किश्श्यांचंही तसंच. आपण काही गोळा करत नाही, ते चिकटून घरी येतात आणि चार मैत्रिणी जमल्या की गळायला लागतात.

मैत्रिणी म्हणतात, "अगं, लिहून काढ ना!" लिहायला बसलं की लक्षात येतं, माणसं बदलतात, पण प्रत्येक किश्श्यात वेड्यासारखं वागणारी बाई एकच आहे. असो.

माणसं मोजकीच आहेत. धडगावहून मोलगीला जाणाऱ्या रस्त्यालगत एक पाडा आहे. तिथला महिला गट कडधान्यांचं गावठी बियाणं जपतो, पेरणीला वाटतो, पीक निघालं की परत घेतो. बियाण्याची खोली म्हणजे जमनाताईंच्या घराची पुढची खोली, चूलही तिथेच. जमनाताई गटाच्या अध्यक्ष. वेस्तादादा त्यांचे मिस्टर. शेजारी खेमलीआजी. आणि मी, बीएस्सी ॲग्री, एका छोट्या संस्थेतर्फे या सगळ्यांना मार्गदर्शन करायला नेमलेली. नवरा धडगावला शिक्षक, सासूबाई खाली धानोऱ्याला, त्यामुळे रेवा रोज माझ्याबरोबर जीपमध्ये. आता ती दोन वर्षांची होईल.

आणखी एक सांगून ठेवते. खेमलीआजींकडे एक चवळी होती. पांढऱ्यावर तांबडे ठिपके, जणू कुणी बसून ब्रशने दिले असावेत. पाऊस मध्येच रुसला तरी तिचा वेल तग धरायचा. आजूबाजूच्या पाड्यांत पूर्वी घरोघर होती म्हणे. आता फक्त आजींकडे उरली होती. ती चवळी पुढे माझ्याकडे सांभाळायला आली. मी ती कशी सांभाळली, तेही यातच येणार आहे. वगळता आलं असतं तर वगळलं असतं.

*

आजी पावरी बोलतात. माझी पावरी "पाणी", "बस", "जेवलात का" एवढ्यावर अडते. मध्ये दुभाषी जमनाताई.

जमनाताईंच्या भाषांतराची एक गंमत आहे. आजी हातवारे करत, डोळे मिटत, मध्ये एकदा हसत दोन मिनिटं बोलतात. मी वही उघडून तयार. जमनाताई सांगतात, "नाही म्हणते."

कधी उलटं. आजी नुसत्या "हूं" म्हणतात आणि जमनाताई पाच मिनिटं बोलतात!

अगदी सुरुवातीला मी बियाण्याला राख लावायची पद्धत लिहून घेत होते. चुलीतली राख चाळायची, थंड करायची, दाण्यांत मिसळायची, मग वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्यात भरायचं. या भोपळ्याला तिथे तुंबा म्हणतात. तोंड शेणमातीनं लिंपायचं आणि तुंबा चुलीवर, धुरात टांगायचा. इथपर्यंत छान.

मी विचारलं, "किलोला किती ग्रॅम राख?"

जमनाताईंनी आजींना विचारलं. आजी मांडीवरच्या रेवाकडे बघत काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?"

"तू पोरीला पावडर लावते ना, म्हणते. किती ग्रॅम लावते?"

माझ्या वहीत त्या रकान्यात अजून "पुरेशी" असं लिहिलेलं आहे.

*

आजींच्या शेतात ज्वारीवर चढलेले ठिपक्यांच्या चवळीचे वेल होते. त्यातले चांगले वेल बियाण्यासाठी राखायचे, म्हणजे त्यांच्या हिरव्या शेंगा भाजीला तोडायच्या नाहीत. पण शेत पायवाटेला लागून. येता-जाता कुणीही दोन शेंगा तोडून तोंडात टाकणार. आजी ते वेल नुसत्या डोक्यात ठेवायच्या. मला ते काही पटेना. खूण हवी! मी रेवाच्या लाल रिबिनीचे तुकडे केले आणि निवडक वेलांना बांधून आले. तेव्हा स्वतःवर फार खूश होते.

पंधरा दिवसांनी बघायला गेले. शेंगा वाळून कडकडीत झालेल्या, काही तर तडकून दाणे खाली सांडलेले. आणि पहिल्या रिबिनीखाली एक दगड, दगडाला शेंदूर, पुढे नारळ!

वेस्तादादा बांधावर उभे. मी विचारलं, "दादा, शेंगा कुणी काढल्या का नाहीत?"

"कोण काढणार? तिथं काहीतरी आहे."

"अहो काही नाही. रिबीन मी बांधली!"

"हां, मग तुम्हीच सोडा," असं म्हणून दादा चार पावलं मागे सरकले.

आजींनाही रिबीन माझी आहे हे माहीत होतं. त्याही पुढे आल्या नाहीत. शेवटी मी वाकले. आधी इकडेतिकडे बघितलं. मग हळूच हात जोडले, नारळ बाजूला ठेवला, आणि मग शेंग तोडली. बीएस्सी ॲग्री!

सांडलेले दाणे आम्ही मातीतून वेचले. जेवढे निघायला हवे होते त्याच्या निम्मेच हाती आले असतील. मला रडू यायचं बाकी होतं.

जमनाताई म्हणाल्या, "मॅडम, पुढच्या वर्षी सगळ्या शेताला बांधा. बकरी पण नाही शिरली!"

*

वेस्तादादांचा किस्सा सांगितला नाही तर जमनाताई माझ्याशी बोलणार नाहीत.

जमनाताईंच्या घरात एक मडकं तुरीच्या बियाण्याचं. त्याला हात लावायचा नाही, हे घरातल्या कोंबड्यांनाही माहीत. एकदा त्या मोलगीच्या बाजाराला गेलेल्या, आणि दादांचे पाहुणे आले. घरात डाळ नाही. दादांनी मडक्याचं तोंड फोडलं, तूर काढली, राख धुतली, रांधली, पाहुण्यांना जेवू घातलं. इथपर्यंत माणूस समजून घेता येतो.

पण मग त्यांना बायकोची भीती वाटली. ओढ्यातून तुरीएवढे गोल खडे आणले, मडक्यात भरले, वर राख, वर उरलेली दोन मुठी तूर, आणि तोंड परत नीट लिंपून ठेवलं. एवढी मेहनत त्यांनी शेतात कधी केली नाही, असं जमनाताई म्हणतात.

पुढे गटाच्या तपासणीत मडकं उघडलं. मी चाळणी धरलेली. चाळणीत तूर थोडी, ओढा जास्त!  जमनाताई उठल्या. खडे गोळा केले, धुतले, पदरात बांधले.

दुपारी दादा जेवायला बसले. ताटात भाकरी, मिरचीची चटणी, आणि वाटीभर खडे.

"हे काय?"

"तूर. उगवणार तर नाही, खाऊन बघ."

*

दिवाळी झाली की पाड्यातली निम्मी घरं बंद होतात. माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. खेमलीआजींचा मुलगा आणि सून जाणार होते, नातवंडं सांभाळायला आजीही निघाल्या.

आणि इथे खरी अडचण. घर बंद म्हणजे चूल बंद. चूल बंद म्हणजे धूर बंद. धूर नसला की तुंब्यातल्या बियाण्याला कीड लागायला वेळ लागत नाही. सोबत न्यावं तर उसाच्या फडात झोपडीवर प्लास्टिक, ऊन आणि पाऊस दोन्ही आत.

निघायच्या आदल्या दिवशी आजी बियाण्याच्या खोलीत आल्या. एका हातात मोठा तुंबा, काळा कुळकुळीत. दुसऱ्या हातात मुठीएवढा छोटा भोपळा, दांडीसकट, मेणानं बंद केलेला. तो त्यांनी रेवाच्या कानाशी हलवला. खुळखुळा!

मोठा तुंबा माझ्या हातात दिला. लहान रेवाच्या हातात. मग बराच वेळ बोलल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

जीपवाला हॉर्न मारत होता. जमनाताई म्हणाल्या, "सांभाळा म्हणते."

जायच्या आधी आजींनी रेवाच्या हातून खुळखुळा परत घेतला, आपल्या कानाशी नेला, हलवला, मान डोलावली, "हूं" म्हणाल्या आणि परत दिला. म्हातारी माणसं लहान मुलांशी खेळतात ती अशीच, असं मला वाटलं.

*

आता माझा किस्सा. पटकन सांगते.

जानेवारीत संस्थेचे पाहुणे खोली बघायला येणार होते. फोटो निघणार होते. आणि चुलीवर तो काजळी धरलेला तुंबा! मी विचार केला, आपण शिकलोय कशाला? हवाबंद डब्यात बियाणं उत्तम राहतं, हे तर परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही पडले होते. मी तुंबा उतरवला, चवळी चाळून राख काढली, स्वच्छ पारदर्शक बरणीत भरली, घट्ट झाकण लावलं आणि लेबल चिकटवलं. ठिपके काय सुंदर दिसत होते! पाहुणेही "वा" म्हणाले.

जमनाताईंनी एवढंच विचारलं, "राख का काढली?"

"हवाबंद आहे ना, ताई. हवाच नाही तर कीड जगेल कशी?"

हे बरोबरच आहे. पण मी कशी आहे ते सांगते. रेवा झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना बघते. दहा मिनिटांनी परत बघते. ती जागी झाली की नवरा विचारतो, "आता तरी खात्री पटली का?" तर ही मी, आणि समोर ती बरणी. बरी असेल ना आतली चवळी? रोज सकाळी खोलीत आले की झाकण उघडायचं, हात घालायचा, वास घ्यायचा, परत लावायचं. जाताना आणखी एकदा.

बरणी हवाबंद होती. हवा रोज मीच घालत होते.

फेब्रुवारीच्या एका सकाळी बरणीच्या काचेवर आतून बारीक भुंगे चालताना दिसले. दाणे ओतले. प्रत्येक दाण्याला एक गोल भोक. इतकं नेटकं, की तेही ब्रशने दिलेलं वाटावं. फुंकर मारली तर दाणे उडाले. आत पीठसुद्धा नव्हतं.

जमनाताई पाणी आणायला गेल्या होत्या. खोलीत मी आणि रेवा. मी काय करावं? खरं सांगायला हवं होतं. मी वेस्तादादांचा रस्ता धरला. पोकळ दाणे परत तुंब्यात भरले, वरून राख, तोंड लिंपलं, तुंबा चुलीवर टांगला. बरणी धुऊन घरी नेली. आज तिच्यात साखर आहे.

*

होळीला आजी आल्या. अख्खा पाडा परत आला होता, ढोल सकाळपासून घुमत होता. आजी आधी खोलीत आल्या. तुंब्याखाली उभ्या राहिल्या. तळहातानं तो खालून जरासा उचलला आणि सोडला.

मी वाट बघत उभी. आता "हूं" म्हणतील. म्हणाल्या नाहीत. वळल्या, रेवाजवळ बसल्या, तिच्या हातातला खुळखुळा घेतला, कानाशी हलवला.

"हूं."

आणि हसल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना स्वतःच्या हातानं गूळ दिला.

त्यानंतर आजी जवळजवळ रोज यायच्या. तुंब्याकडे वर बघायच्या नाहीत. यायचं, खुळखुळा घ्यायचा, हलवायचा, "हूं", परत द्यायचा, जायचं. मी मनात म्हणायचे, किती लळा लावलाय माझ्या पोरीला. आणि मी या बाईला रोज तोंड वर करून चहा विचारतेय. रोज ठरवायचे, आज सांगू. रोज जीप वेळेवर यायची. एरवी कधी येत नाही!

*

एप्रिलमध्ये बियाण्याला ऊन दाखवत होतो. अंगणात चटया, चटईवर साधी चवळी, उडीद, तूर. बायका निवडत बसलेल्या. रेवा मध्येच बसून मुठी भरत होती. मी दर दोन मिनिटांनी ओरडत होते, "तोंडात नाही घालायचं!"

तिनं तोंडात नाही घातलं. नाकात घातलं.

चवळीचा दाणा, चांगला टपोरा. दिसत होता, पण बोट लावलं की आणखी आत. मी किंचाळले. मोबाईलला रेंज नाही. रेंज पलीकडच्या खडकावर येते, म्हणून मी मुलीला घेऊन खडकाकडे पळाले. मग आठवलं, मोबाईल चटईवरच राहिला. परत पळाले. जीप नुकतीच गेलेली. धडगावचा दवाखाना मला लंडनएवढा लांब वाटायला लागला.

आजी उठल्या. रेवाला माझ्याकडून काढून घेतलं. मोकळी नाकपुडी बोटानं दाबली, तिच्या तोंडावर तोंड टेकवलं आणि एकच फुंकर मारली. फट्! दाणा उडून सरळ समोर उभ्या वेस्तादादांच्या कपाळावर!

रेवा हसायला लागली. मी रडायला लागले. आजींनी दाणा उचलला, लुगड्याला पुसला, उजेडात धरून बघितला आणि चटईवरच्या ढिगात परत टाकला. काहीतरी म्हणाल्या.

जमनाताई हसून लोळायच्या बाकी होत्या. "ओला झालाय म्हणते. सगळ्यात आधी हाच उगवेल."

त्या दिवसापासून मी घरातली दाणा म्हणून जेवढी वस्तू होती ती वर ठेवली. शेंगदाणे वर. साबुदाणा वर. खुळखुळासुद्धा कपाटावर. उद्या फुटला तर?

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. रेवाचे दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले.

"खुळखुळा?" हा एक मराठी शब्द त्यांनी कुठून शिकला कोण जाणे.

"घरी आहे, आजी."

तिसऱ्या दिवशी, "खुळखुळा?" चौथ्या दिवशी, "खुळखुळा?" चेहरा उतरलेला. मला वाटलं, यांच्या मनात आलं असेल, कसली आई आहे, पोरीचं खेळणं काढून घेते. पण माझं अपराधी मन एवढं भरलेलं होतं की हा आणखी एक अपराध कुठे ठेवावा तेच कळेना.

*

मे महिन्यात सासूबाई धानोऱ्याहून आठ दिवस आल्या. नेमकी तेव्हाच बियाण्याची उगवण तपासायची वेळ. म्हणजे शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळायचे, तीन-चार दिवसांनी किती मोडले ते मोजायचं. साध्या चवळीचे शंभर दाणे मी घरीच फडक्यात बांधून ओट्यावर ठेवले, वर चिठ्ठी लावली: "हात लावू नये." ही चिठ्ठी नवऱ्यासाठी होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले तर फडकं धुऊन दोरीवर वाळत होतं.

"आई, इथली चवळी?"

"मस्त मोड येल व्हतात. उसळ करी टाकी. जेव आते."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. तीन दिवस वाया. जमनाताईंना उद्या काय सांगू? माझा चेहरा बघून सासूबाई घाबरल्या. मग मी त्यांना सगळं समजावलं, शंभर दाणे, मोडलेले मोजायचे, न मोडलेले मोजायचे.

त्या ताडकन म्हणाल्या, "आसं सांग ना मग! च्यार दाना कडक व्हतात. दातखाल उनात, मी काढी ठेवेल शेतस."

ताटाच्या कडेला चार दाणे ओळीनं मांडलेले होते. मी वहीत नोंद केली: चार उगवले नाहीत. पद्धत लिहिली नाही.

जाताना त्यांनी कपाटावरचा खुळखुळा काढून रेवाच्या हातात दिला आणि मला ऐकवलं, "पोरनं खेळनं कोनी वर ठेवस का व?" मी मुकाट्यानं मान हलवली. दोन म्हाताऱ्यांशी एका खुळखुळ्यावरून भांडायची ताकद माझ्यात नव्हती.

*

जून लागला. पेरणीला आठवडा उरला. बियाणं वाटायचा दिवस. बायका टोपल्या घेऊन अंगणात बसल्या. तूर वाटली, उडीद वाटला, साधी चवळी वाटली. तुंबा एकटा चुलीवर.

जमनाताई म्हणाल्या, "मॅडम, आजीचं काढा आता."

मी तुंबा उतरवला. आजींच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांच्यासमोर बसले. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले. राख, बरणी, झाकण, भुंगे, वेस्तादादांची युक्ती, सगळं उलटसुलट एका दमात ओकले. शेवटी म्हणाले, "आजी, तुमची चवळी गेली. मी घालवली. आता ती कुठेच नाही."

 वेस्तादादा आपलं नाव आल्यामुळे घरात गेले.

जमनाताईंनी आजींना सांगितलं. आजी बोलायला लागल्या. खूप बोलल्या. तुंब्याकडे हात केला, तळहातानं काहीतरी उचलून दाखवलं, होळीच्या ढोलासारखी बोटं वाजवली.

"काय म्हणतात?"

"होळीलाच कळलं म्हणते."

"कसं?"

"भरलेला तुंबा असा हवेत उडतो काय, म्हणते."

"मग... मग बोलल्या का नाहीत? मी चार महिने झोपले नाहीये, ताई!"

जमनाताईंनी विचारलंच नाही. कारण आजी उठल्या होत्या. जात्याजवळ रेवा बसली होती, खुळखुळा घेऊन. आजी तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. हात पुढे केला. रेवानं सवयीनं खुळखुळा दिला. आजींनी तो कानाशी नेला. हलवला. डोळे मिटून परत हलवला. मी इतक्या वेळा बघितलं होतं हे, पण ऐकलं त्या दिवशी पहिल्यांदा. आतून टपटपीत, भरीव आवाज येत होता. माझ्या त्या पोकळ दाण्यांना आवाज असता, तर तो असा नक्कीच नसता.

"हूं," आजी म्हणाल्या.

आणि त्यांनी खुळखुळा जात्याच्या कडेवर आपटला.

रेवानं टाहो फोडला. भोपळ्याचे दोन तुकडे झाले, आणि जात्याच्या पाळीत, जमिनीवर, आजींच्या लुगड्यावर दाणे पसरले. पांढरे. तांबडे ठिपके. एकालाही भोक नाही.

 बायका पुढे सरकून दाणे वेचायला लागल्या. मी नुसती बसून राहिले. आजींनी दाणे ओंजळीत घेतले. थोडे जमनाताईंच्या टोपलीत टाकले. थोडे पदरात बांधले. आणि थोडे माझ्या हातात दिले! मी हात मागे घेतला, तर मनगट धरून दिले.

मग रेवाकडे वळल्या. ती अजून हुंदके देत होती. आजींनी एक दाणा तिच्या तळहातावर ठेवला.

माझा हात आपोआप तिच्या नाकाकडे गेला. जमनाताईंचाही. घराच्या दारातून वेस्तादादांनी कपाळ झाकलं.

रेवानं दाण्याकडे बघितलं. रडणं थांबवलं. मग चिमटीत धरून तो हळूहळू कानाशी नेला, हलवला, डोळे मिटून परत हलवला, आणि आजींकडे बघून मान डोलावली.

"हूं."